वातापीचा पाहुणचार

नेरळला घर घेणाऱ्या माणसाला एजंट तीन गोष्टी दाखवतो. माथेरानचा डोंगर, स्टेशन किती मिनिटांवर आहे हे सांगणारं स्वतःचं घड्याळ, आणि गच्चीवरची पाण्याची टाकी. चौथी गोष्ट तो दाखवत नाही. ती संध्याकाळी साडेसहाला आपली आपण येते, कानाशी गुणगुणते आणि सकाळपर्यंत मुक्काम करते. डोंबिवलीचा फ्लॅट विकून आम्ही इथल्या बैठ्या घरात आलो त्याला बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत मी कडुनिंबाचा धूर केला, कासवछाप वड्या जाळल्या, प्लगमध्ये खुपसायची यंत्रं आणली आणि विजेची रॅकेट घेऊन अंगणात एकट्याने बॅडमिंटन खेळलो. डास कमी झाले नाहीत. माझा बॅकहँड तेवढा सुधारला.

त्यामुळे गेल्याच्या गेल्या फेब्रुवारीत मुंबईतल्या एका झाडांच्या प्रदर्शनात ‘कीटक खाणारे झाड’ अशी पाटी दिसली, तेव्हा माझे पाय तिथेच थांबले. वाटीएवढी कुंडी होती. तीत आमसुलाच्या रंगाची दहा-बारा पानं, प्रत्येक पानाच्या टोकाला एक उघडा शिंपला, आणि शिंपल्याच्या काठाला दातांच्या दोन रांगा. विकणारा मुलगा म्हणाला, “व्हीनस फ्लायट्रॅप. पण साधा हिरवा नाही काका, हा ‘आकाई ऱ्यू’. जपानी नाव आहे. म्हणजे लाल ड्रॅगन. पानापासून देठापर्यंत लाल. सहज मिळत नाही.”

“डास खातो?”

“काहीही खातो.”

तो मुलगा खोटं बोलला नाही, हे मला फार नंतर कळलं. काहीही खातो, असं तो म्हणाला होता. डास खातो, असं नव्हता म्हणाला.

किंमत मी घरी सांगितली नाही. अजूनही सांगितलेली नाही, म्हणून इथेही लिहीत नाही. ही हे वाचणार आहे.

कर्जत लोकलमध्ये कुंडी मांडीवर घेऊन बसलो. समोरच्या गृहस्थांनी विचारलं, “शोभेचं आहे का?” म्हटलं, “नाही, मांसाहारी आहे.” त्यांनी पाय आत घेतले ते थेट बदलापूरपर्यंत.

आई ब्याऐंशी वर्षांची आहे आणि माळकरी आहे. अंड्याचा संशय म्हणून नातवाच्या वाढदिवसाचा केकही ती लांबूनच बघते. घरात आलेल्या या पाहुण्याकडे तिने चष्मा पुसून पाहिलं. मी झाडूची काडी घेऊन प्रात्यक्षिक सुरू केलं. शिंपल्याच्या प्रत्येक झडपेवर आतून तीन-तीन बारीक केस असतात. एका केसाला एकदा धक्का लागला तर झाड ढिम्म राहतं. पण वीसेक सेकंदांच्या आत दुसरा धक्का लागला की दोन्ही झडपा सेकंदाच्या दहाव्या भागात खटकन मिटतात. वाळकं पान पडलं, पावसाचा थेंब पडला तर उगाच जबडा मिटायला नको, म्हणून ही व्यवस्था. कर्जत लोकलमध्येही हाच नियम आहे. पहिला धक्का कोणी मनावर घेत नाही, वीस सेकंदांत दुसरा लागला की मात्र भांडण.

काडी दुसऱ्यांदा टेकली आणि जबडा मिटला. आई दचकली नाही. तिने विचारलं, “पण माशी मुळात तिथे मरायला जाते कशाला?”

“कडेला गोड रस सुटतो आई. ती तो खायला जाते.”

“म्हणजे जेवायला बोलवायचं आणि पाहुण्याचाच जीव घ्यायचा,” आई म्हणाली. “हे इल्वल-वातापीचं काम.”

दोन राक्षस भाऊ आणि दोन झडपा. मला हिशेब पटला. जपानी ड्रॅगनचं बारसं आईने असं उभ्या उभ्या उरकलं आणि त्या दिवसापासून कुंडी वातापी झाली. मुलाने विचारलं, “आजी, हे इल्वल-वातापी कोण?” आई पदर सावरून गोष्ट सांगायला बसली. अगदी बोकडापर्यंत आली होती, तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला आणि गोष्ट अर्धी राहिली. आईने उठता उठता मला एकच अट घातली: राक्षस तुळशीपासून पाच हात लांब ठेवायचा.

तो लांब ठेवणं सोपं होतं. जिवंत ठेवणं नव्हतं.

वातापी मूळचा अमेरिकेतला, नॉर्थ आणि साउथ कॅरोलायना या दोन राज्यांच्या किनाऱ्याकडचा. विल्मिंग्टन नावाच्या गावाभोवती शंभर मैलांच्या आतबाहेर जी दलदल आहे तेवढंच त्याचं जगातलं माहेर. तिथली जमीन इतकी निकस, की नत्र म्हणून काही मिळत नाही. झाडाने मग मुळांचा नाद सोडला आणि वरून मुंग्या-कोळी खाऊन नत्राची सोय केली. २०१४ पासून नॉर्थ कॅरोलायनात रानातून हे झाड उपटणं गंभीर गुन्हा आहे, तुरुंगात जावं लागू शकतं. या सगळ्याचा आमच्या घराशी संबंध एवढाच, की पिढ्यान् पिढ्या हलाखीत काढलेल्या या प्राण्याला, म्हणजे झाडाला, सुखाचं काही चालत नाही. माती चालत नाही, पीट मॉस आणि परलाइट लागतं. खत चालत नाही, मुळं जळतात. क्षारांचं पाणी चालत नाही. कर्जत रस्त्यावरच्या नर्सरीवाल्याला मी हे सगळं सांगितलं, तेव्हा त्याने हातातला पाइप बाजूला ठेवला. “काका, माती नको, खत नको, नळाचं पाणी नको,” तो म्हणाला. “हे झाड आणलंय का जावई?”

मुलाने पेनासारखं एक यंत्र मागवलं. पाण्यात बुडवलं की क्षार किती ते आकड्यात दाखवणारं. वातापीला पन्नासच्या आतलं पाणी हवं. आमच्या बोअरचं आलं तीनशे चाळीस. आम्ही माणसं बारा वर्षं तेच पितो आहोत, याबद्दल मात्र घरात कोणी अवाक्षर काढलं नाही.

मग मी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणू लागलो. वातापीच्या कुंडीखाली कायम बोटभर पाण्याची बशी लागते, आणि नेरळच्या मार्चमध्ये बशी दुपारपर्यंत कोरडी. महिन्यातून तिसऱ्यांदा कॅन घ्यायला गेलो तेव्हा इन्व्हर्टरवाल्याने विचारलं, “काका, बॅटऱ्या किती आहेत तुमच्याकडे?”

“एकच.”

“एवढं पाणी पिते म्हणजे ती गेली. आणा इकडे, एक्स्चेंजमध्ये नवी देतो.”

“नाही हो, तब्येत उत्तम आहे. कालच मुंगी खाल्ली.”

त्यानंतर तो मला कॅन देताना नजरेला नजर देत नाही.

एवढ्यावर भागेना, तेव्हा मुलाने एसीचं ठिबकणारं पाणी मोजून बघितलं. सतरा! हवेतली वाफ थंड होऊन पडलेलं पाणी, त्यात क्षार कुठून येणार? झालं, बेडरूमचा एसी रात्रभर सुरू आणि नळीखाली बादली. माझी बायको बारा वर्षं विजेच्या बिलाची व्याख्यानं ऐकत पंख्याखाली झोपली होती. त्या दोन महिन्यांत ती वातापीबद्दल फार बरं बोलायची.

आईचा प्रश्न निराळा होता. तिला कोणी उपाशी बघवत नाही, मग तो राक्षस का असेना. “नुसतं पाणी पिऊन कोण जगतं?” असं म्हणत तिने एका सकाळी कुंडीत तांदळाचं धुवण ओतलं. तुळस त्यावर बारा वर्षं पोसली आहे. तीन दिवसांत वातापीची दोन पानं शाईसारखी काळी पडली. मग कुंडी नळाखाली, म्हणजे बॅटरीच्या पाण्याच्या कॅनखाली, धरून सहा लिटर पाण्याने मुळं धुतली. आई लांबून बघत होती. “बाळंतिणीला सुद्धा एवढं कोणी केलं नाही,” ती म्हणाली. कोणत्या बाळंतिणीला, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

आता डासांविषयी. पहिला आठवडाभर मी तिन्हीसांजेला टॉर्च घेऊन कुंडीशेजारी स्टुलावर बसलो. वातापी अकरा जबडे उघडून तयार होता. डास आले, नेहमीसारखे झुंडीने आले, आणि सगळेच्या सगळे माझ्या घोट्यांवर बसले. आठव्या दिवशी मुलाने शोध लावून आकडे वाचून दाखवले. या झाडाच्या आहारात शंभरातल्या तेहतीस मुंग्या, तीस कोळी, दहा भुंगेरे, दहा नाकतोडे. उडणारे कीटक पाचांहून कमी.

“आणि डास?”

“डासांनी तिकडे कशाला जावं बाबा? तुम्ही शेजारी बसलेले असता ना.”

बरं, मुंग्या तरी? ज्या घरात साखरेचा डबा तीन झाकणांखाली ठेवावा लागायचा, त्या घरातल्या मुंग्या वातापी आल्या दिवसापासून कुठे गेल्या कोण जाणे. शेवटी मी गुळाचा खडा बशीत ठेवून मुंग्यांना आमंत्रणं दिली. सुक्या मासळीच्या बाजारात जाऊन मोकळ्या हाताने परत आलो. घेतलं काहीच नाही, माश्या मारून पुडीत आणल्या. माळकऱ्याच्या घरात खिशात माशीची पुडी घेऊन शिरताना मला शाळेत असताना विडी ओढून घरी यायचो ते दिवस आठवले.

पण मेलेली माशी नुसती जबड्यात ठेवून भागत नाही. हे झाड मोजतं! २०१६ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं. दोन धक्क्यांना जबडा मिटतो, पण आत धडपड सुरू राहून पाचेक धक्के झाले, म्हणजे खरंच काहीतरी जिवंत गवसलंय याची खात्री पटली, की मगच पाचक रस सुटतो. धडपड थांबली तर वातापी समजतो की वाळकं पान होतं, आणि दुसऱ्या दिवशी जबडा उघडून माशी जशीच्या तशी परत देतो. त्यामुळे मेलेल्या माशीच्या वतीने धडपड मलाच करावी लागायची. रात्री अकरा वाजता चष्मा लावून, टूथपिकने मिटलेला जबडा बाहेरून हलके हलके चोळत बसायचं. ही दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. “इतकं हळुवार चोळता येतं तुम्हाला?” ती म्हणाली. “माझे गुडघे बारा वर्षं दुखताहेत.”

यात मी एकटाच वेडा होतो असं कोणी समजू नये. चार्ल्स डार्विनने १८६० साली ‘ड्रॉसेरा’ हातात घेतला, आपल्याकडे ज्याला दवबिंदू म्हणतात त्याचा विलायती भाऊ, आणि पुढची पंधरा वर्षं त्याला तो सुटला नाही. त्याने त्या झाडाला दूध पाजलं, उकडलेलं अंडं दिलं, मांसाचे कण दिले. काचेचा चुरा आणि केससुद्धा ठेवून बघितले, म्हणजे फसवलं तर कळतं का ते बघायला. १८७५ मध्ये ‘इन्सेक्टिव्होरस प्लँट्स’ हे जाडजूड पुस्तक निघालं तेव्हा कुठे घराला उसंत मिळाली असेल. त्याची बायको एमा हिने एका पत्रात लिहून ठेवलंय, की सध्या हे त्या झाडाशी जिवंत प्राण्यासारखं वागताहेत आणि शेवटी बहुधा तो प्राणीच आहे असं सिद्ध करून मोकळे होतील. मी हे पत्र हिला मोठ्या कौतुकाने सांगितलं. ही म्हणाली, “बाईंचा पत्ता द्या.”

एका जबड्याला एक मुंगी पचवायला आठवडा लागतो, कधी दहा दिवस. मग तो उघडतो आणि आत मुंगीची कोरडी टरफलं पडलेली दिसतात. असं तीन-चारदा झालं की जबडा काळा पडून गळतो. म्हणजे वातापीच्या गाठीला मोजकीच मिटणी, आणि आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा “बघू बघू” करत बोट घालणारा. गल्लीतल्या काकांनी तर एकाच भेटीत पाच जबडे मिटवले आणि “चावत नाही फार,” असा अभिप्राय देऊन चहाला बसले. मी पाटी लावली: ‘हात लावू नये’. दुसऱ्या दिवशी नुसती पाटी बघायला चार जण आले.

मे महिन्यात पारा एक्केचाळीसवर गेला. आमच्या पाठीमागचा डोंगर दुपारी तव्यासारखा तापतो आणि रात्री ती सगळी धग गावात सोडतो. वातापीची पानं मलूल दिसू लागली. मला वाटलं, साहेब लोक उन्हाळ्यात काय करायचे? वर जायचे. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट डोंगर चढून गेला तेव्हापासून माथेरानला हाच उद्योग आहे. मग १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने सोळा लाख रुपये घालून दोन फूट रुंदीचे रूळ थेट वर नेले. ती सोय आपल्या दारातून सुटते आणि आपण वापरत नाही, याची लाज वाटून मी मिनीट्रेनचं तिकीट काढलं. वर एका मित्राचं घर आहे. महिनाभर कुंडी सांभाळायला तो तयार झाला होता, झाड काय खातं हे मी त्याला सांगितलं नसल्यामुळे. (कॅरोलायनातला उन्हाळासुद्धा चांगलाच कडक असतो आणि वातापी जागेवरच तगला असता, हे मला नंतर मुलाने सांगितलं. हा मुलगा माहिती नेहमी तिकीट काढल्यावर देतो.)

गाडी जुम्मापट्टीला थांबली. कुंडी माझ्या मांडीवर, शेजारी कागदात बांधलेला वडापाव. खिडकीत एक माकड येऊन बसलं. मी वडापाव काखेत घेतला. माकडाने वडापावकडे पाहिलं, मग कुंडीकडे, आणि त्यातला सगळ्यात मोठा, लालबुंद जबडा हेरून अलगद बोट घातलं. काही झालं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, जणू विचारत होतं की हे काय आहे. मी ओरडणार तेवढ्यात त्याने पुन्हा बोट घातलं. खट्!

माकड मी जन्मभर बघत आलो आहे. घाबरलेलं, चिडलेलं, खोडकर सगळं पाहिलं आहे. ओशाळलेलं माकड पहिल्यांदा पाहिलं. त्याने बोट झटकलं, इकडेतिकडे बघितलं, आपल्याला कोणी पाहिलं का म्हणून. मग अब्रू राखायला अख्खा जबडा देठासकट तोडला, हुंगला, चावला आणि थू केला. आणि या सगळ्या गडबडीत माझ्या काखेतला वडापाव कधी गेला ते मला कळलंच नाही. समोरच्या बाकावरच्या बाई म्हणाल्या, “बरं झालं, झाड वाचलं.” त्यांचं जेवण झालेलं असावं.

पावसाळ्यात मिनीट्रेन बंद होते, त्याआधीच मी वातापीला खाली आणलं. आणि मग त्याचे सुखाचे दिवस आले. कर्जत-नेरळ पट्ट्यात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच्या थेंबात क्षार जवळजवळ नसतातच. पातेली, पराती, हंडा, कळशी, लग्नात आलेलं आणि कधी न वापरलेलं पितळी घंगाळ, सगळं पागोळ्यांखाली लागलं. एसी बंद झाला आणि ही वातापीबद्दल पूर्वीसारखंच बोलू लागली. तो मात्र फुलला. वीसेक जबडे, रंग असा की डाळिंब फोडून ठेवावं.

याच दिवसांत वाडीवरच्या मावशी रानभाजी घेऊन येतात. शेवळं, कुर्डू, भारंगी, मग कंटोली. पाटी उतरवून त्या ओट्यावर टेकल्या आणि कुंडीकडे बघत राहिल्या. रानातलं कुठलं पान कसं शिजवायचं, कशाला काकड घालायचे नाहीतर घसा खाजतो, हे त्यांना जितकं कळतं तितकं पुस्तकांना कळत नाही.

“भाऊ, ही खायची हाय का?”

“नाही मावशी, ही स्वतः खाते.”

त्यांनी मान हलवली. “खाणारा असला म्हंजी काय झालं,” त्या म्हणाल्या. “शिजवून बघाया पायजे.”

मी हसलो. तेव्हा हसलो.

ऑगस्टमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले माझे एक स्नेही घरी आले. वातापी पाहून त्यांनी फक्त “हं” म्हटलं आणि मला छत्रीसकट बाहेर काढलं. जुम्मापट्टीच्या वाटेला एका ओलसर कातळापाशी थांबून त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. शेवाळ, आणि त्यातून वर आलेली तांदळाच्या दाण्याएवढी पांढुरकी फुलं. “युट्रिक्युलेरिया,” ते म्हणाले. “तुमच्या वातापीचा हा खरा बाप.” त्या शेवाळात, मोहरीहून कितीतरी बारीक, पाण्याने भरलेल्या पिशव्या असतात. पिशवीच्या दाराशी सूक्ष्म जीव आला आणि केसाला लागला, की दार उघडतं, जीव पाण्याबरोबर आत ओढला जातो आणि दार बंद होतं. सगळं मिळून डोळ्याची पापणी लवायच्या आत. कास पठारावर याचीच भावंडं निळीशार फुलून येतात, सीतेची आसवं म्हणतात ती. लोक गाड्या करून ती बघायला जातात आणि आसवांवर हळहळतात. सीतेची आसवं पायाखाली किडे खात असतात हे कोणी कोणाला सांगत नाही.

“घरी नेऊ का एक?” मी विचारलं.

“न्या. आठ दिवसांत मरेल. आणि जगलं तरी ते काय खातंय हे तुम्हाला दिसायचं नाही.”

मग मी नेलं नाही. जे काय खातं ते दिसत नाही, ते पाहुण्यांना दाखवायचं काय? आणि मग मी माशीची पुडी कोणासाठी आणायची?

डिसेंबर लागला आणि वातापीला झोप आली. जबडे एकेक काळे पडून गळले, मध्ये बोटाएवढे कोंब तेवढे राहिले. त्याच्या मुलखात हिवाळ्यात तीन-चार महिने चांगली थंडी असते आणि तेवढी झोप मिळाली नाही तर झाड दोन-तीन वर्षांत झिजून मरतं. नेरळला डिसेंबरात पहाटे शाल लागते आणि दुपारी पंखा. एवढ्यावर कोणता राक्षस झोपेल? उपाय मुलानेच काढला. झाड कुंडीतून उपटायचं, मुळं धुवायची, ओल्या मॉसमध्ये गुंडाळायचं, पिशवीत घालायचं आणि तीन महिने फ्रिजमध्ये.

उपटलं तेव्हा कळलं की एकाचे तीन झालेत. तीन गड्डे, पांढऱ्या मांसल पाकळ्यांचे, वर लालसर शेंडे. हिने खालच्या भाजीच्या खणाचा डावा कोपरा मोठ्या मनाने दिला. मी पिशवीवर चिठ्ठी लावली: ‘वातापी. झोपला आहे. उठवू नये.’ चिठ्ठी शाईच्या पेनाने लिहिली. फ्रिजमध्ये ओल असते, हे माझ्या लक्षात आलं नाही.

जानेवारीत वालाच्या शेंगा भरतात आणि मग रायगडात कोणाला घरात बसवत नाही. हिचं माहेर कडावचं. तिचा भाचा चार मित्रांना घेऊन आला. बरोबर शेंगांचं पोतं, भांबुर्ड्याचा पाला आणि दोन मडकी. एक कोंबडीचं आणि एक आईसाठी साधं. मडक्याच्या तळाला पाला दाबायचा, मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा भरायच्या, अधेमधे बटाटे, रताळी, वांगी, कांदे खोचायचे आणि तोंड पाल्यानेच गच्च बंद करायचं. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. मग परसात मडकं उपडं घालून भोवती गोवऱ्या आणि काटक्या पेटवायच्या. मी जाळ बघत होतो. ही चटणी वाटत होती. भाच्याने आत जाऊन विचारलं, “आत्या, बारके कांदे आहेत का?” आणि मिक्सर चालू असताना बायका जे उत्तर देतात ते तिने दिलं: “बघ फ्रिजमध्ये, खाली.”

पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारला. चर्र झालं. मडकं उघडलं, आणि भांबुर्ड्याचा तो उग्र, गोडसर वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. अंधार, थंडी, सगळे गोल करून बसलेले. पहिलं ताट आईचं. शेंगा सोलत सोलत ती निम्म्या ताटावर आली असेल.

“हा कांदा कुठला रे?” आई म्हणाली. “जरा तुरट आहे.”

“आत्याच्या फ्रिजमधला, आजी. तीनच होते. लाल, बारके,” भाचा म्हणाला. मग हिच्याकडे वळून, “आत्या, कांदे शेवाळात गुंडाळून का ठेवतेस गं? टिकतात का?”

मी टॉर्च आणला. मडक्याच्या पाल्यात एक सापडला. दुसरा आईच्या ताटात होता. तिसरा कुठेच नव्हता.

सगळं उलगडून सांगितल्यावर थोडा वेळ फक्त काटक्यांचा आवाज येत होता. हिने कपाळाला हात लावला. भाच्याचे मित्र कोंबडीच्या मडक्याकडे तोंड करून हसू दाबत होते. एकाला ते जमलं नाही. “म्हणजे आजींनी आज नॉनव्हेज खाल्लं,” तो म्हणाला. “त्या झाडाने जन्मभर मांसच खाल्लं ना!”

मी आईच्या गळ्यातल्या माळेकडे बघत होतो. आता आई उठते, आंघोळ करते, उद्या उपास करते, आणि मग वर्षभर मला ऐकवते.

आईने हातातली शेंग सोलली. “गाय जन्मभर गवत खाते,” ती म्हणाली. “म्हणून तू गाईला भाजी म्हणतोस का?”

यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. एमा डार्विनबाईंना दीडशे वर्षांपूर्वी जी धास्ती पडली होती, तिचा निकाल असा आमच्या परसात लागला.

मुलगा इतका वेळ गप्प होता. त्याला एकदम काहीतरी आठवलं. “आजी, ती गोष्ट तू मला पूर्ण सांगितलीच नाहीस. इल्वल वातापीचा बोकड करून पाहुण्यांना वाढायचा, तिथपर्यंत झाली होती. पुढे काय होतं?”

“पुढे अगस्ती जेवायला येतात,” आई म्हणाली, पोटावरून सावकाश एकदा हात फिरवला, आणि शेंगांची परात स्वतःकडे ओढली.